डाव्या दाराचा आराखडा

श्री. सेतुमाधवराव यांची माझी पहिली भेट झाली, तेव्हा ते जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि गाडीच्या दाराला टिचक्या मारत होते. तंजावूरहून पापनाशमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भाताच्या शेतांना लागून आमचा कारखाना होता. देशात नव्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि गाडीच्या दाराला आतून जे प्लास्टिकचं अस्तर असतं, ज्याला आम्ही ट्रिम म्हणतो, ते आखायचं काम आमच्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, मिळवलं होतं. माझ्याकडे इंजिनियरिंगची पदवी होती. सेतुमाधवरावांकडे डिप्लोमा होता आणि तिरुवैयारुच्या बसचा पास होता. मला वाटलं, या गृहस्थांना मलाच काम शिकवावं लागणार.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला लेख मराठीतच मागितला. आमच्या तंजावूरकर मराठी मंडळींत देवनागरी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मुलांना घरातली मराठी समजते, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देतात. तेव्हा इथे मनातलं लिहिलं तरी फारसा बोभाटा होणार नाही, असा माझा हिशेब आहे. पण सेतुमाधवराव स्वतः अक्षर न् अक्षर वाचतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणून खरं तेच लिहितो. गेली तीस वर्षं मी या माणसावर जळत आलो आहे.

आधी त्यांच्या कामाविषयी. दाराचं अस्तर ही दिसायला साधी गोष्ट. हात टेकायची जागा, कागद ठेवायचा खिसा, काच खालीवर करायच्या दांडीसाठी एक भोक. पण मागच्या बाजूला बळकटीसाठी ज्या उभ्या पट्ट्या द्याव्या लागतात, त्या जाड झाल्या तर प्लास्टिक थंड होताना पुढच्या बाजूला खळी पडते, आणि पातळ झाल्या तर गाडी खड्ड्यातून जाताना दार खुळखुळतं. मी हे गणिताने सोडवत असे. सेतुमाधवराव वीणा करणाऱ्या एका आसारींकडे जाऊन बसत. ते सुतार फणसाच्या लाकडाचा भोपळा कोरताना बोटाने वाजवून त्याची जाडी ठरवतात. सेतुमाधवरावांनी ती विद्या उचलली आणि प्लास्टिकला लावली. आमच्या हात टेकायच्या जागेचा पहिला नमुनाही त्यांनी त्याच आसारींकडून फणसाच्या लाकडात कोरून घेतला. मद्रासहून आलेले गाडीच्या कंपनीचे साहेब त्यावर हात ठेवून पाच मिनिटं नुसते बसून राहिले. माझी आकडेमोड त्यांनी उघडूनही पाहिली नाही.

एकदा एक अस्तर सारखं खुळखुळत होतं. मी दोन दिवस आकडे मांडत होतो. सेतुमाधवराव आले, चार ठिकाणी टिचकी मारली आणि म्हणाले, "सीनू, एथें पातळ होऊन आहे. कापून पाहा." मी म्हटलं, "कशावरून, अण्णा?" ते म्हणाले, "कां म्हणून विचारूं नको. मला सांगतां येत नाहीं." कापून पाहिलं. तिथेच पातळ होतं. सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी जाऊन बायकोवर उगाच चिडलो.

त्यांच्या स्वभावातल्या गोडव्याबद्दल या ग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मी एवढंच सांगेन की माझी सख्खी आईसुद्धा त्यांच्या बाजूची होती. तिची मराठी जुन्या वळणाची. तिच्याशी बोलायला मला कंटाळा येई. सेतुमाधवराव शनिवारी बसला अवकाश असला की आमच्याकडे येऊन तिच्याशी तासभर गप्पा मारत. मी कारखान्यातून आलो की तिचा पहिला प्रश्न, "सेतु कसा आहे?" मी कसा आहे, हे तिने कधी विचारल्याचं आठवत नाही.

आता डाव्या दाराविषयी. हा लेख मी खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला.

त्या काळी आराखडे हाताने काढत असू. आधी उजव्या दाराचा. मग तो पारदर्शक कागद उलटा करून त्यावरून डाव्या दाराचा. रेघा आपोआप उलटतात, आकडे मात्र हाताने पुन्हा लिहावे लागतात. गाडीत बसून दाराकडे तोंड केलं तर उजव्या दाराची पुढची कड आपल्या डावीकडे येते आणि डाव्या दाराची उजवीकडे. सेतुमाधवरावांनी काचेच्या दांडीच्या भोकाचं अंतर लिहिताना सवयीने कागदाच्या डावीकडूनच मोजून तोच आकडा टाकला. म्हणजे डाव्या दारात ते अंतर मागच्या कडेपासून धरलं गेलं. आमच्या धंद्यातली माणसंच करू शकतील अशी ही चूक. रेघ बरोबर, आकडा चूक, आणि साचा कापणारा आकड्यावर चालतो.

आराखडा तपासायचं काम माझं होतं. कागद दोन दिवस माझ्या टेबलावर होता. पहिल्याच दिवशी मला चूक दिसली. सवयीप्रमाणे मी त्या आकड्याभोवती कडक पेन्सिलीने एक बारीक गोल काढला. मग माझ्या मनात आलं की मुदलाळी दोघांपैकी एकालाच मद्रासला पाठवणार आहेत, कॉम्प्युटरवर आराखडे काढायचं शिक्षण घ्यायला, आणि ते नाव सेतुमाधवरावांचं असणार. मी रबर घेतला, गोल पुसला, आणि तपासणाऱ्याच्या चौकटीत सही केली.

पोलादाचा साचा तसाच कापला गेला. पहिलं अस्तर निघालं आणि दाराला लावलं, तर भोक एकीकडे आणि दांडी दुसरीकडे. साचा भरून पुन्हा कापावा लागला, मद्रासच्या साहेबांची बोलणी खावी लागली. मुदलाळींनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. सही माझी होती. मी तोंड उघडायच्या आत सेतुमाधवराव म्हणाले, "सीनूला पाहायला वेळच दिला नाहीं. मीच घाई करून उभ्याउभ्या सही घेतली." हे धादांत खोटं होतं. मी ते खोडलं नाही.

मद्रासला मी गेलो. कॉम्प्युटर शिकलो, परत येऊन विभागाचा प्रमुख झालो, खुर्ची मिळाली, काचेची खोली मिळाली. सेतुमाधवराव आराखडे काढायच्या फळ्यापाशीच राहिले. आणि गंमत अशी की अडचण आली की माणसं माझ्या खोलीवरून सरळ पुढे त्यांच्या फळ्याकडे जायची. मी काचेतून बघायचो. चोरी करूनही ऐवज दुसऱ्याकडेच राहावा, अशी माझी गत झाली होती.

आई न्हाणीघरात पडली त्यानंतरची गोष्ट. तिला खुर्चीतून उठताना हाताला आधार लागे. सेतुमाधवरावांनी एका बाद अस्तराची हात टेकायची जागा करवतीने कापली, तिला गादी शिवून घेतली आणि आईच्या खुर्चीला ठोकून दिली. बाद अस्तर कुठलं, तर त्याच डाव्या दाराचं. पुढे ती होती तोवर रोज सकाळी त्या प्लास्टिकवर हात दाबून आई उठायची आणि म्हणायची, "सेतूनें केलें हें. तूं काय केलास?" मी काय केलं होतं, ते तिच्या हाताखालीच होतं.

तर गेल्या महिन्यात या ग्रंथाचे संपादक माझ्याकडे आले. मी प्रकृतीचं कारण सांगून नकार दिला. दुसऱ्या दिवशी सेतुमाधवरावांचा फोन आला, म्हणून तिरुवैयारुला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांनी कॉफी दिली आणि आतून एक गुंडाळी आणली. डाव्या दाराचा मूळ कागद, पिवळा पडलेला. माझं बोट धरून त्यांनी त्या आकड्यापाशी ठेवलं. कडक पेन्सिलीने काढलेला गोल कागदात उमटला होता. डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटाला मात्र अख्खा गोल लागला.

"रबरानें काळें जातें, सीनू. खळी जात नाहीं."

मी विचारलं, "अण्णा, हें तुम्हांस कधीं कळलें?"

"मुदलाळीनीं बोलावलें त्या दिवशींच. जायच्या आधीं कागद काढून पाहिलों."

"मग खोटें कां सांगितलें?"

मला वाटलं, आता काहीतरी थोर ऐकायला मिळणार, आणि त्याचाही मला हेवा वाटणार. सेतुमाधवराव शांतपणे म्हणाले, "मला मद्रासेस जायचें नव्हतें. ती कॉम्प्युटरची पेट्टी मला नको होती. तूं गेलास तर मला एथें निवांत काम करतां येईल म्हणून सांगितलें. आणि आकडा चुकला तो माझाच की."

म्हणजे तीस वर्षं जे चोरल्याचं ओझं मी वाहिलं, ते त्यांना कधी हवंच नव्हतं. सांगताना लाज वाटते, पण त्या ओसरीवर मला पश्चात्ताप नंतर झाला, आधी राग आला. मग रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "एथें पातळ आहे. लेख लिही, बरें वाटेल."

त्यांच्या आज्ञेप्रमाणे लिहिला आहे. ते मला क्षमा करतील की नाही, हे मी विचारणार नाही. त्यांनी ती केव्हाच करून टाकली असेल, आणि मला ते सहन व्हायचं नाही.

सेतुमाधवरावांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे कान शाबूत राहोत, बोटं थरथरू नयेत, तिरुवैयारुची बस त्यांना अशीच बसायला जागा देवो. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे. दोन वर्षांनी माझी पंचाहत्तरी येते, आणि माझ्यावरचा लेख त्यांनीच लिहावा अशी माझी इच्छा आहे. लिहून झाला की तो तपासायला माझ्याकडे द्यावा. सही करण्याआधी या खेपेला चुकीभोवती गोल काढीन, आणि तो पुसणार नाही.