थेल्माचा बोका आणि शेजारचा वाफा

घाण करतात ती दुसऱ्यांची मांजरं, अशी थेल्मा हारग्रीव्हची पक्की खात्री होती. तिचा बोका तसलं काही करत नसे. त्याचं नाव बिशप. अंगानं काळाभोर, गळ्याशी पांढरी पट्टी, चाल संथ, चेहऱ्यावर जगाला क्षमा केल्याचा भाव.

"तो कुठे बसतो ते मी आजवर पाहिलेलं नाही," ती सांगे. "याला म्हणतात वळण."

पाहिलेलं नाही म्हणजे तो कुठे बसतच नाही, असा अर्थ तिनं स्वतःपुरता लावून घेतला होता. गल्लीत प्रत्येक मांजरवाल्यानं तोच लावला होता. तरीही प्रत्येकाच्या वाफ्यात घाण सापडत होती.

यॉर्कशरच्या त्या गावात लोकरीची गिरणी होती तोवर थेल्मा तिथे कापड सांधायच्या कामावर होती. मागावरून उतरलेलं कापड कलत्या टेबलावर ओढायचं, त्यावरून बोटं फिरवायची, गाठ किंवा तुटका धागा हाताला लागला की सुईनं दुरुस्त करायचा. बोटांना दोष शोधायची सवय लागली. गिरणी बंद पडली, सवय राहिली. कुणाचे पडदे मळलेत, कुणी कचऱ्याचा डबा आदल्या दिवशीच रस्त्यावर आणून ठेवलाय, हे तिला घरबसल्या समजे. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असा एकूण कारभार. पण कुणी आजारी पडलं की सूप घेऊन पहिली तीच दारात.

नवरा सिरिल जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. डेलिया होते. मागच्या अंगणात बाकी सगळी फरशी. फक्त भिंतीलगत एक लांब वाफा, आणि त्यात उन्हाळ्याच्या शेवटी ताटाएवढी डेलियाची गडद लाल फुलं. ऑगस्टच्या पुष्पप्रदर्शनात लोक आधी तिचं टेबल शोधत. त्या टेबलाजवळ उभं राहण्यासाठी ती वर्षभर जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

त्या मार्चमध्ये तिनं वाफा खणला, खत घातलं, माती चाळल्यासारखी मऊ केली. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन वाकली तर तिथे घाण. तिसऱ्या दिवशीही.

ती तडक समोरच्या शीनाकडे गेली. शीनाकडे तांबूस रंगाची मांजर होती.

"तुमची मांजर माझ्या वाफ्यात घाण करते."

शीनाच्या कडेवर मूल होतं, हातात दुधाची बाटली. "आमची जिंजर? म्हातारी झालीय हो ती. दोन पायऱ्या उतरल्या की झोपते. ती रस्ता ओलांडणार, भिंत चढणार आणि तुमच्याकडे येऊन बसणार? मग तिला ऑलिंपिकलाच पाठवते."

"चेष्टा नकोय."

"मी कुठे चेष्टा करतेय? पदक मिळालं तर अर्धं तुमचं."

थेल्मा परत आली आणि लढाईला लागली. आधी संत्र्याच्या साली पसरल्या. मग चहाचा चोथा, त्यावर मिरपूड. पाण्यानं भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवल्या. त्यात आपलं तोंड दिसलं की मांजर घाबरतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी चर्चच्या आवारातून हॉलीच्या काटेरी फांद्या आणल्या आणि सगळा वाफा झाकून टाकला. मे महिन्यात डेलियाचे कंद लावले तेही त्या काट्यांमध्ये हात घालून. मनगटं ओरबाडली. पण वाफा स्वच्छ राहिला.

ती विजयी झाली, आणि विजयी माणूस सल्ले देतो.

पलीकडे वॉल्टर सग्डन राहत. मधली दगडी भिंत कमरेएवढी. त्यांची बायको नोरीन गिरणीत थेल्माच्या शेजारच्या टेबलावर बसायची. दोघींची गट्टी अशी की सुईदोरा, पाव, निंदा, सगळं वाटून. नोरीन जाऊन दोन वर्षं झाली होती. वॉल्टर आणि थेल्मा मात्र पहिल्या दिवसापासून एकमेकांना मिस्टर आणि मिसेस. रोज भिंतीवरून हवेविषयी दोन वाक्यं, कधी परसातल्या रुबार्बच्या चार आंबट कांड्या. त्यापलीकडे कुणी गेलं नाही.

"मिस्टर सग्डन, तुमच्या गुलाबात येत नाहीत का मांजरं?"

"येतात. अधूनमधून."

"मग हॉली घाला. माझ्याकडे उरलीय, देऊ?"

"नको नको. बघू."

"बघू काय? ज्यांना मांजराला वळण लावता येत नाही त्यांनी मांजर पाळूच नये. लाज नसते लोकांना."

"खरंय," वॉल्टर म्हणाले. मग आकाशाकडे पाहून, "दुपारी पाऊस येईलसं दिसतंय."

जूनमधल्या एका सकाळी थेल्मा वरच्या मजल्यावर न्हाणीघराची खिडकी उघडायला गेली. सहज खाली पाहिलं.

बिशप भिंतीवरून चालत होता. तो वॉल्टरच्या बाजूला उतरला. गुलाबाच्या बुंध्याशी गेला. पुढच्या पायांनी नीट खड्डा केला आणि बसला.

थेल्माचा हात कडीवरच राहिला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. वॉल्टर सपाता घालून बाहेर आले, हातात शेगडीचं छोटं फावडं. त्यांनी बोक्याला हाकललं नाही. त्याच्याकडे पाठ करून ते उभे राहिले. कुणाला संकोच वाटू नये म्हणून आपण उभे राहतो, तसे. बिशपनं काम उरकलं, माती ओढली आणि ऐटीत निघून गेला. मग वॉल्टर गुडघ्यांवर बसले. तेवढी माती उचलली, झाकणाच्या बादलीत टाकली. उरलेली माती बोटांनी सारखी केली, हळूहळू, केस विंचरावेत तशी. आणि मातीकडे पाहून काहीतरी बोलले.

थेल्मा खिडकीपासून मागे सरली. लोकांना काय काय बोलली ती. शीनाला. गल्लीतल्या प्रत्येकाला. ह्यांना, भिंतीवरून, तोंडावर. आपलंच नाणं खोटं, आणि बाजारभर दुसऱ्यांची नाणी आपटत फिरलो!

ती तशीच खाली गेली. पुढच्या दारानं घंटी वाजवून जायची रीत होती. ती मागच्या फाटकातून शिरली, अंगात झोपायचा गाऊन.

"मिस्टर सग्डन. तो माझा बोका होता."

वॉल्टर दचकून उठले. "अं? हो का? सकाळ छान पडलीय, नाही?"

"कधीपासून चाललंय हे?"

"विशेष काही नाही हो."

"कधीपासून?"

"मार्च... मार्चपासून असेल."

मार्च. हॉलीच्या फांद्या. थेल्मानं आपला वाफा झाकला होता आणि बिशप मऊ माती शोधत इकडे आला होता. तिचा वाफा स्वच्छ राहिला तो असा.

"मला सांगायचं नाहीत?"

"कसं सांगणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अहो, मग निदान काटे तरी घालायचे होते! मी ओरडून ओरडून देत होते."

वॉल्टरनी फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "काटे कसे घालू? आणि मिरपूड तर तिला सोसायचीच नाही. शिंकून शिंकून बेजार व्हायची."

"कोण?"

"नोरीन." त्यांनी गुलाबाकडे मान केली. "इथेच ठेवलीय तिला. तिची राख घरात कपाटात ठेवणं बरं वाटेना. हा गुलाब तिनंच लावलेला."

थेल्माला ऐकू आलं, पण अर्थ पोचायला वेळ लागला. अंत्यसंस्काराच्या दिवशी तिनं सँडविच करून आणली होती. रडली होती. पण पुढे राखेचं काय झालं हे तिनं विचारलं नव्हतं. तसं विचारत नाहीत कुणी. शेजारी बसून जिच्या पावातला तुकडा तोडून खाल्ला, ती दोन वर्षं भिंतीपलीकडे होती. आणि तिच्या अंगावर आपला बिशप रोज सकाळी...

ती तिथेच पालथ्या कुंडीवर बसली. नजर बादलीवर गेली.

"ती बादली?"

वॉल्टर लाजले. "ते टाकवत नाही. कचऱ्याच्या गाडीत कशी टाकायची? मातीत मिसळलीय ती. त्या घाणीत ती किती आणि माती किती, काय सांगावं?"

कोळशाच्या खोलीमागे तशाच आणखी दोन बादल्या होत्या. झाकणं घट्ट लावलेल्या, ओळीनं.

थेल्मा उठली आणि घरी गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज येऊ लागला. वॉल्टर भिंतीपाशी आले. हॉलीचा ढीग फरशीवर पडला होता आणि मिसेस हारग्रीव्ह डेलिया उपटत होत्या. गुडघ्याएवढे वाढलेले, कळ्या धरलेले.

"अहो! अहो, हे काय? प्रदर्शन आहे ना ऑगस्टमध्ये!"

"असू दे."

"मिसेस हारग्रीव्ह, एवढं काही नाही हो. मला सवय झालीय."

"सवय झालीय म्हणूनच." तिनं ढेकूळ कुदळीच्या पाठीनं फोडलं. "मांजराला भुसभुशीत, कोरडी माती लागते. माझी मी काट्यांखाली घातली, म्हणून तो तुमच्याकडे आला. दुपारी वाळूची पोती आणते. अख्खा वाफा त्याचा."

"पण तो येईल का आता? त्याला इकडची सवय लागलीय."

"वासावर येतात ते. त्या बादल्या द्या इकडे."

वॉल्टर कोळशाच्या खोलीमागे गेले. बऱ्याच वेळानं एक बादली घेऊन आले. भिंतीवर ठेवली, पण हात काढला नाही.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"नोरीनपण येईल मग तुमच्याकडे. थोडीशी."

थेल्माचे डोळे भरून आले होते. तिनं मातीच्या हातानंच ते पुसले, गालावर काळा पट्टा उमटला. "येऊ दे. चहाला यायची तेव्हा कुठे विचारून यायची?"

वॉल्टरच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की कसला, ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी बादली पुढे सरकवली.

"जड आहे," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी धरा."

तिनं दोन्ही हातांनी धरली.