शेडची कडी

आत शिरण्याआधी ती शेडच्या पत्र्याच्या दाराची कडी वाजवायची. मग थोडं थांबून म्हणायची, "मीच इलंय गो, घाबरा नकात." आत कोंबड्यांची कुजबुज व्हायची आणि त्या आपणहून बाजूला सरायच्या.

गोराईच्या त्या फार्मवर मी देखरेखीला होतो. बायकोसह तिथेच राहायचो. ही मालवणकडची विधवा बाई आमच्याही आधीपासून कोंबड्या सांभाळत मागच्या खोलीत राहत होती. मी पहिल्याच सकाळी साहेबी थाटात धाडकन दार उघडलं, तर कोंबड्या भेदरून कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. ती धावत आली आणि दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागली. खालच्या काही गुदमरून गेल्याच होत्या.

"अरे, खंय घुसतंस? लोकांच्या घरात जाताना कडी वाजवूक नको काय?"

मेलेली एक कोंबडी तिने मांडीवर घेतली होती आणि तिची पिसं नीट करत होती. मी खाली मान घालून उभा होतो.

साडीही रोज हिरवीच. धुऊन धुऊन शेवाळी झालेली. एका दिवाळीत माझी बायको नवी लाल साडी नेसून तिला फराळ द्यायला शेडपाशी गेली, तर आत पुन्हा तोच गोंधळ. "साडी बदलली की माणूस बदललो, असां वाटता तेंका," ती म्हणाली, आणि चकली खात खात तुसावर बसून कोंबड्यांना शांत करत राहिली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांच्यावर रागावताच येत नाही.

छातीचं दुखणं वाढलं तेव्हा बोरिवलीची लेक तिला न्यायला आली. ही हटून बसली.

"बोरिवलीक जावन मी काय करतलंय? चौथ्या माळ्यावर कोंबडी नाय."

"आई, डॉक्टर तिकडे आहेत ना!"

"आणि माझ्या माघारी हेंचा कोण आसा?"

शेवटी नाइलाजाने गेली. होडीत बसेपर्यंत मागे वळून शेडकडे बघत होती.

मग आमची वाट लागली. मी कडी वाजवली, तिचे शब्द म्हटले, तरी कोंबड्या बिथरायच्याच. रोज दोन-चार मरायच्या. एकदा तिला फोन लावून स्पीकर शेडमध्ये धरला. "मीच इलंय गो," तिचा दमलेला आवाज आला. सगळ्या माना एकदम वळल्या, पण फोनकडे नाही, दाराकडे. दारात कुणी नव्हतं. फोनवर ती रडत होती.

थोड्याच दिवसांत ती गेली. दिवसकार्य झाल्यावर लेकीने तिची हिरवी साडी आणून दिली. "तुमच्या बायकोला नेसायला सांगा, म्हणून सांगून गेलीय."

दुसऱ्या सकाळी बायको ती साडी नेसून खाद्य घेऊन गेली. मी पलीकडे टाकीवर पाणी भरत कान देऊन होतो. कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. फडफड नाही, ओरडा नाही. मला इतकं हायसं वाटलं की पाइप हातातून सुटला.

बायको बाहेर आली ती हसतच. "शहाण्यासारख्या बाजूला झाल्या रे! बरं झालं तू कडी वाजवलीस. माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या."

"मी इथून हललोही नाही," पडलेला पाइप उचलत मी म्हणालो. तिचं हसू हळूहळू मावळलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. कोंबड्या पाळणाऱ्याला तेवढी सवड नसते. पण तेव्हापासून आमच्याकडे कडीला कुणी हात लावत नाही. बायको बादल्या घेऊन दाराशी उभी राहते. कडी वाजली की आत जाते.