डब्यावरची बारीक अक्षरं

सुनेनं माझ्या कोलेस्टेरॉलसाठी लोण्यासारखं काहीतरी आणलंय. पहिल्या दिवशी मी ते औषध समजून भाकरीवर लोण्याच्याही वर थापलं. आज डबा भिंगाखाली धरला. पुढे ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल घटवणारं वनस्पतींतलं स्टेरॉल, हृदयाचा मित्र’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: गरोदर बायकांनी, लहान मुलांनी खाऊ नये, जास्त खाऊ नये. तोंडावर मोठ्यानं आणि मागे कुजबुजत बोलणारा कसला हा मित्र!

“बाबा, तुमच्यासाठीच आणलंय,” सून म्हणाली.

“डॉक्टरांची गोळी घेतोय, लोणीही सोडतो. पण हे स्टेरॉल तिळातही असतं ना?”

“असतं, पण थोडंसंच.”

“मग मला थोडंसंच पुरे.”

मी तिळाची चटणी पुढे ओढली. चटणीला मागची बाजू नसते.