हनुवटी आत घेतली होती

दहा वर्षं मी एका चुकीची माफी मागत फिरले, आणि ती चूक मी केलीच नव्हती.

डिचोलीच्या हॉलमध्ये सरांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते पडायला. ज्युदोत फेकण्याआधी पडायलाच शिकवतात. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू मॅटवर आपटत नाही. मी लाटंबार्शाहून बसने यायची, दप्तर कोपऱ्यात टाकायची आणि तासभर नुसती पडायची. आई म्हणायची, पडायचंच आहे तर आपल्या काजूच्या बागेत पड की, त्यासाठी डिचोलीला कशाला जातेस?

सरांची मुलगी माझ्याच वयाची आणि माझ्याच वजनाची. त्यामुळे सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींना फेकत होतो. घरात बहीण नव्हती, ती मला तिथे मिळाली असं मी मानत होते. ती खांद्यावरून फेकायची. माझा हुकमी डाव उचिमाता, तो सरांनी मलाच शिकवला. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय समोरचीच्या मांड्यांमधून मागे वर उडवायचा आणि तिला आपल्या पुढे उलटवायचं. सरांनी त्यात स्वतःची भर घातली होती. समोरची उलटत नसेल तर थांबू नकोस, म्हणाले, डोकं सरळ मॅटकडे घाल, धडाचं वजन मागून आपोआप येईल. हनुवटी तेवढी आत ठेव, काही होत नाही. मी घालायला लागले. मुली भराभर उलटू लागल्या आणि मला मेडलं मिळू लागली.

बारावीत असताना पेडण्याला स्पर्धा होती. समोरची मुलगी दांडगी होती, काही केल्या उलटेना. मी डोकं घातलं. मानेत आतल्या आत कट् असा आवाज झाला, तो फक्त मलाच ऐकू आला. मग दोन्ही हातांना मुंग्या आल्या, आणि उजवा हात तर माझा वाटेचना.

हॉस्पिटलात मी स्ट्रेचरवर असताना सर बाहेर माझ्या बाबांशी बोलत होते. दार उघडंच होतं. "हनुवटी आत घेतली नाही हिने. शंभर वेळा सांगितलं असेल मी," ते म्हणाले. बाबा ओशाळले. पोरीने सरांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं म्हणून त्यांनी चक्क माफी मागितली. पुढे दर मे महिन्यात आमच्या बागेतले ओले काजूगर सरांच्या घरी पोचते होत राहिले, त्यांनी वेळेवर गाडी करून हॉस्पिटलात नेलं म्हणून. त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला मी गळ्यात कॉलर घालून गेले. वाकता येईना, तेव्हा सरांनीच डोक्यावर हात ठेवला आणि मी रडले. आता तो प्रसंग आठवला की स्वतःचाच संताप येतो.

मणका कसाबसा जुळला, खेळ मात्र संपला. आता मी मांद्र्याला एका गेस्टहाऊसमध्ये काउंटरवर बसते. पाहुण्यांच्या बॅगा दुसरे उचलतात. कुणी मानेचं विचारलं की माझं उत्तर पाठ होतं: माझीच चूक, हनुवटी विसरले.

गेल्या वर्षी हाताला पुन्हा मुंग्या येऊ लागल्या, म्हणून म्हापशाला एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्याहून लहान मुलगी, पण भलती चौकस. जुने एक्स-रे दिव्यावर धरून तिने विचारलं, "डोकं आपटलं तेव्हा हनुवटी कुठे होती?" मी माझं पाठ उत्तर दिलं. तिने मान हलवली. "नाही. आतच होती. हे बघा, मणक्याचा पुढचा भाग चेपलाय. मान मागे गेली असती तर मागची बाजू मोडली असती."

मग तिने माझ्या मानेवर मागून बोट फिरवून दाखवलं. मानेला एक बाक असतो. मार आला की त्या बाकामुळे मान थोडी झुकते आणि मार जिरवते. हनुवटी छातीकडे घेतली की तो बाक जातो, मणके एकावर एक सरळ उभे राहतात. अशा वेळी डोक्याचा माथा जमिनीवर टेकला, तर डोकं थांबतं, पण धड थांबत नाही. ते सगळं वजन घेऊन मागून येतच राहतं आणि मधला मणका चेपतो. "पाठीवर पडताना हनुवटी आत घेणं बरोबर आहे," ती म्हणाली, "डोक्यावर जाताना नाही. मुळात डोक्यावर जायचंच नाही. तुमच्या खेळात हे चालतं?"

मी तिथेच मोबाइलवर शोधलं. चालत नाही. डोकं घातलं की खेळाडू तिथल्या तिथे बाद, आणि तो नियम डोकं घालणारीच्याच मानेसाठी आहे. आमच्याकडच्या स्पर्धांत कधी कुणी बाद झालेली मी पाहिली नव्हती.

बसमध्ये पहिल्यांदा हलकं वाटलं. मला सांगितलं तेच मी केलं होतं! म्हापसा सुटेपर्यंत तो आनंद टिकला, मग एकच प्रश्न उरला: सरांना हे माहीत होतं का? नसावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. माणूस अडाणीपणाने चुकतो, ते मी सोडून दिलं असतं. बिचाऱ्यांना कुणी शिकवलंच नसेल, असं मी स्वतःला समजावत रविवारी डिचोलीला त्यांच्या घरी गेले.

सर बाजारात गेले होते. त्यांची मुलगी माहेरी आली होती, तिने मिठी मारली आणि चहा टाकला. मी फिजिओथेरपिस्टचं सगळं सांगितलं. वाटलं, ती दचकेल. ती साखर शोधत म्हणाली, "हय गो. बाबान माका पयलींच सांगिल्लें, तकली खाली घालूंक जायना म्हूण. मान मोडटा."

डोकं खाली घालू नकोस, मान मोडते. तिला घरात हे आधीपासून सांगितलेलं होतं. इतकी वर्षं मी तिला उलटवताना डोकं घालत होते, आणि ती उठून, कपडे सारखे करून, पुन्हा समोर उभी राहत होती.

"आनी माका कित्याक सांगलें ना?" मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"तुका मेडलां मेळटालीं न्हय गो!" ती म्हणाली, तुला मेडलं मिळत होती ना. आवाजात ना राग, ना खोटेपणा. ती माझी समजूत घालत होती.

तेवढ्यात सर आले, हातात मासळीची पिशवी. मला पाहून हसले, मान कशी आहे म्हणून विचारलं. मी उठले नाही.

"सर, हिका उचिमाता कित्याक शिकयली ना?"

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीकडे वळून विचारलं, "तुवें सांगलें हिका?"