ठाण टोकापासून उलगडायचं

पारोळ्याहून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये एक कापडवाले शेटजी रोज माझ्या शेजारी बसत. एकदा मी त्यांना माझ्या आवडत्या रॉक बँडचं एक गाणं ऐकवलं आणि डोक्याला ताप करून घेतला. दुसऱ्या दिवशी ते त्या बँडचा पहिला अल्बम लावून आले आणि इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं.

"शेटजी, सुरुवातीचे दोन भिकार आहेत. तिसऱ्यापासून ऐका."

"असं कसं भाऊ? कापडाचं ठाण टोकापासून उलगडायचं."

मग रोज एक अल्बम. कापडाचा पोत बघावा तशी दोन बोटं चोळत ते ऐकायचे. रटाळ गाणंसुद्धा पुढे ढकलू द्यायचे नाहीत. माझी बसमधली झोप गेली ती गेलीच. बँड फुटला त्या अल्बमला म्हणाले, "यांची वाटणी झाली वाटतं."

शेवटी एकच उरला. सगळे पुन्हा एकत्र आले तेव्हाचा, माझा सगळ्यात लाडका. त्या दिवशी मी आपणहून कान पुढे केला, तर शेटजींनी वायर गुंडाळून खिशात टाकली.

"हा नाही ऐकायचा."

"एवढा कचरा ऐकलात, मलाही ऐकवलात, आणि चांगला तेवढा सोडता?" मी वैतागून म्हटलं.

"दुकानात भावानं मधोमध प्लायवूड ठोकलंय," ते म्हणाले. "पलीकडे तो खोकला तरी ऐकू येतं."

मी तोंड फिरवून बसलो. धुळं येईपर्यंत ते बोटं चोळत होते. कानात काहीच नव्हतं.