कुडाच्या घरातला हसरा मुलगा

"त्या मुलाला रडवा," नेहा मॅडम फोनवर म्हणाल्या. "अगदी हुंदके नकोत. पण डोळ्यांत पाणी तर दिसू दे. हा चक्क हसतोय! मग बाबूला आपण लकी आहोत असं वाटणार कसं?"

मी विचारलं, "मॅडम, पुस्तक विनोदी आहे ना?"

"हो, पण मेसेज आहे ना त्यात."

मी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचं संपादन करते. डहाणू रोडला जयेशभाईंचं छोटं प्रकाशन आहे, तिथे गोष्ट हातात आल्यापासून छापून गठ्ठे बांधेपर्यंत सगळं मी बघते. हे काम मुंबईच्या एका कंपनीचं होतं. डहाणू आणि तलासरीच्या शाळांना फुकट वाटायचं पुस्तक. विषय त्यांनीच ठरवलेला: आपल्याला जे मिळालंय त्याची किंमत ओळखा. आणि हसत-खेळत. गोष्टही त्यांच्याकडूनच आली. नेहा मॅडम त्यांच्या सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या खात्यात.

गोष्टीतला बाबू पक्क्या घरात राहतो आणि दिवसभर कुरकुरतो. पंखा आवाज करतो, डाळ पातळ आहे, गादी टोचते. मग त्याला पाठीवर घर वाहणारी गोगलगाय भेटते, दुसऱ्याच्या घरट्यात वाढणारं कोकिळेचं पिल्लू भेटतं. इथवर मजा होती. शेवटच्या पानावर मजकूर असा: 'मग बाबूला एक कुडाचं घर दिसलं. दारात एक मुलगा होता. बाबूची कुरकुर बंद झाली.'

म्हणजे गोगलगाय, पिल्लू आणि त्याच रांगेत कुडाच्या घरातला मुलगा. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेली भिंत. ज्या पाड्यांवर हे पुस्तक जाणार, तिथली कित्येक मुलं अशाच घरांत राहतात. त्यांच्याच हातात पुस्तक द्यायचं आणि सांगायचं, बघा, तुम्हाला बघून दुसऱ्याला बरं वाटतं. माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं. मी तसं लिहून कळवलं. उत्तर आलं, टेक्स्ट अप्रूव्ह झालंय.

चित्रं सुनंदाने काढली होती. ती जवळच्या गंजाड गावची, वारली. भिंतीवर रंगवायची, कापडावर रंगवायची, पण पुस्तक हे पहिलंच. तिने शेवटच्या पानावर तो मुलगा उंबऱ्यात बसवला, खांद्यावर कोंबडी दिली, आणि त्याला खदाखदा हसवलं. मजकुरात कुठे लिहिलं होतं की तो दुःखी आहे?

फोन ठेवून मी तिला बोलावून घेतलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तो कशाला रडेल? घाबरायचं तर बाबूने. स्लॅबखाली तो झोपतो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जमीन हलते. गेली काही वर्षं तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात अधूनमधून धक्के बसतात. धक्का बसला की पक्क्या घरातली माणसं गाद्या घेऊन अंगणात येतात. माझ्या स्वतःच्या दाराशी आजही एक पिशवी भरून ठेवलेली असते. मुंबईत बसून हे सुचणार नाही, ते मी समजू शकते. सांगितल्यावरही ऐकायचं नाही, हे मात्र नाही समजू शकत.

जयेशभाई घाबरले. "मीनाबेन, दोन थेंब पाणी काढायचं डोळ्यांत. एवढ्यासाठी पार्टी सोडायची का?"

"दोन थेंब तुमच्या फोटोवर काढू का, जयेशभाई? दुकानात लावू."

"तुम्ही पण ना!"

शेवटी मी टेस्टिंग मागितलं. म्हणजे पुस्तकाची साध्या कागदावर कच्ची प्रत काढायची, तिला आम्ही डमी म्हणतो, आणि ती मुलांना वाचून दाखवायची. मुलं कुठे हसतात, कुठे जांभया देतात ते बघायचं. नेहा मॅडमही आल्या. आम्ही तलासरीच्या आतल्या एका शाळेत गेलो. गोगलगाईला मुलं हसली. कोकिळेच्या पिल्लाचं पान तर दोनदा वाचायला लावलं. शेवटचं पान आलं. मी वाचलं, 'बाबूची कुरकुर बंद झाली.'

"का बंद झाली?" मॅडमनी पुढे होऊन विचारलं.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "त्याला जागा गावली."

"कसली जागा?"

"झोपायला. आता तो इथंच झोपंल. याचं घर हाललं तरी वर काही नाही, पेंढा हाय."

"बाबूचं घर पडंल ना!" मागून एक जण ओरडला आणि उठून डोक्यावर दप्तर घेऊन पळून दाखवू लागला. "आमचे गुरुजी असंच पळतात!"

वर्गात हशा पिकला. गुरुजीही हसले, काय करणार. पुस्तक विनोदी झालं ते त्या क्षणी.

मला वाटलं, संपला प्रश्न. गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "बघितलंत? मुलांना मेसेज कळलाच नाही. चेहरा सॅड असता तर कळला असता."

वाटेत आशागड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोलले असते तर गाडीतून उतरावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मेल आली. आमच्या करारानुसार चित्रांचे हक्क कंपनीचे आहेत, तेव्हा तो चेहरा मुंबईतले डिझायनर कॉम्प्युटरवर बदलून घेतील. मूळ फाइल पाठवा. करार मी काढून बघितला. खरं होतं. जयेशभाईंनी वाचला नव्हता, आणि मी तो जयेशभाईंवर सोडला होता.

सुनंदाला हे सांगणं मला जड गेलं. तिने डमीचं ते पान उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "गंजाडला सगळे बघतील ना हे. वर माझं नाव असणार. म्हणतील, सुनंदाने आपल्यालाच रडवलं. आई काय म्हणेल?" डमी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "माझं नाव काढायला सांगा."

"अगं, पहिलं पुस्तक आहे तुझं."

"म्हणून तर."

मी मेल लिहिली. चार ओळींची. चेहरा बदलायचा तर जरूर बदला, फाइल पाठवते, पण चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, आत किंवा पाठीवर कुठेही येणार नाही. प्रकाशन समारंभालाही त्या येणार नाहीत. जयेशभाईंनी पाठीमागून वाचलं आणि कपाळाला हात लावला. पण थांबवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

तासाभरात फोन. या वेळी नेहा मॅडम नव्हत्या, त्यांचे साहेब होते.

"अहो, असं कसं? बॅक कव्हरवर लोकल ट्रायबल आर्टिस्ट लिहायचंय. तिचा फोटो हवाय आम्हाला. वार्षिक अहवालात पान ठेवलंय."

"मग चेहरा?"

"कुठला चेहरा?"

मी सांगितलं. त्यांनी ते पुस्तक बघितलेलंच नव्हतं.

"हसू दे हो," ते म्हणाले. "हसायलाच तर पुस्तक काढलंय."

असा तो मुलगा वाचला. कुणाला काही पटलं म्हणून नाही, अहवालात एक पान रिकामं राहिलं असतं म्हणून.

त्याच शाळेत झालेल्या समारंभात साहेबांनी मुलांना सांगितलं की तुम्ही किती भाग्यवान, एवढं सुंदर पुस्तक फुकट मिळालं. मुलांचं लक्ष नव्हतं. ती शेवटचं पान उघडून, घर हाललं की बाबू कसा पळेल ते एकमेकांना पळून दाखवत होती. सुनंदाची आई पहिल्या रांगेत होती. तिने ते पान नीट बघितलं आणि लेकीला विचारलं, कोंबडी कुणाची काढलीस?

राग माझा अजून गेलेला नाही, पण त्याचा उपयोग करून घेतला. क्लायंटला समजावण्यात मी जेवढा वेळ घालवला, त्याच्या निम्म्या वेळात त्याचं काय अडलंय ते शोधता आलं असतं. आता प्रत्येक करारात एक वाक्य मी स्वतः टाइप करते: चित्रात बदल केल्यास चित्रकार आपलं नाव काढून घेऊ शकेल. आजवर एकाही पार्टीने त्याला हरकत घेतलेली नाही. सगळे न वाचताच सही करतात.