ऐन डावात तापलेला लॅपटॉप

लॉण्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईंना सगळे वजीरबाई म्हणत. दुपारच्या सुट्टीत त्या बुद्धिबळाचा पट मांडून बसत आणि समोर येईल त्याला गारद करत. मालक एकदा हौसेने समोर बसला, तर चहा निवायच्या आत त्याच्या राजाला पळायला जागा उरली नाही. पन्नाशी उलटल्यावर लेकीने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला, तेव्हा तर बाईंना रानच मोकळं मिळालं.

त्या वर्षी हौशी खेळाडूंच्या ऑनलाइन स्पर्धेत त्या एकेकाला लोळवत उपांत्य फेरीत पोचल्या. नेहमीसारख्या पलंगावर मांडी ठोकून, लॅपटॉप मऊ रजईवर ठेवून खेळत होत्या. डाव ऐन रंगात आला आणि पंखा घरघरू लागला. मनगटाला चटका बसला, पण बाईंचं सगळं लक्ष घोड्यावर. तेवढ्यात पडदा काळा झाला.

बाईंनी घाईघाईने बटण दाबलं. लॅपटॉप पुन्हा सुरू होईस्तोवर तिकडे त्यांचं घड्याळ पळत होतं. परतल्या तेव्हा वेळ जेमतेम उरला होता. मग त्यांनी विचारबिचार सोडला आणि बोटांच्या भरवशावर तडातड खेळत डाव खेचून आणला. जिंकल्या खऱ्या, पण घामाघूम झाल्या.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. लेक सकाळीच दुरुस्तीच्या दुकानात धावली. दुकानदाराकडे कामाचा ढीग पडला होता, आठवडा लागेल म्हणाला. मात्र माणूस भला. त्याने चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टची छोटी नळी हातात ठेवली आणि काय काय करायचं ते नीट समजावलं. लेक औषधांच्या दुकानात काम करणारी, हात स्थिर. तिने ठरवलं, आपणच उघडायचा.

चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला, मागचे स्क्रू बशीत ठेवले. झाकण निघताच तिने आधी बॅटरीची जोडणी सुटी केली. आत पाहून बाई चकितच झाल्या. पंख्यामागच्या जाळीवर धुळीची जाड राखाडी गादी बसली होती.

"अगं, हे तर आमच्या लॉण्ड्रीतल्या ड्रायरसारखंच झालंय," त्या म्हणाल्या. "जाळी तुंबली की तोही असाच तापतो."

लेकीने काडीने पंखा अडवून धरला, नाहीतर हवेच्या झोताने तो गरगरून बिघडला असता. बाईंनी मऊ ब्रशने धूळ मोकळी केली आणि रबरी फुगा दाबून हवेच्या झोताने बाहेर काढली. मग चिपवरची धातूची पट्टी सोडवली, तर खालची जुनी पेस्ट वाळून खपली झाली होती. लेकीने ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून पट्टी परत बसवली, बॅटरीही जोडली. झाकण लावताना एक स्क्रू पलंगाखाली घरंगळला, तेव्हा दोघी पालथ्या पडून शोधत होत्या आणि हसू आवरत नव्हतं.

रजई आता हद्दपार झाली. लॅपटॉप टेबलावर आला. मागच्या बाजूला बाटल्यांची दोन बुचं सरकवून खालून हवेला वाट करून दिली. पडद्यावर उघडी पडलेली इंटरनेटची बाकीची पानंही लेकीने बंद केली. बाईंनी ती कधी मिटलीच नव्हती.

सामना सुरू झाला. समोरचा गडी कसलेला, घाई न करणारा. बाई मधूनमधून लॅपटॉपच्या कडेला हात लावून बघत. कोमट, बस्स. हळूहळू हात लावायचंच विसरून गेल्या. डाव लांबत गेला, एकेक मोहरा पडत गेला, आणि बाईंनी छाती करून आपला हत्ती मारू दिला. लेकीला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आईचा चेहरा बघून ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पुढच्याच खेळीला बाईंचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर झालं. गड्याने डाव सोडला.

बाई खुर्चीवरून उठल्या, लेकीला मिठी मारली आणि दोघींनी त्या इवल्याशा खोलीत गिरकी घेतली. मग पडद्यावर गड्याचा निरोप उमटला: आणखी एक मैत्रीचा डाव होऊन जाईल का?

"आई, जरा पाणी तरी पी," लेक म्हणाली.

पण बाई केव्हाच खुर्ची टेबलाजवळ ओढून बसल्या होत्या.